संरक्षक भिंतींवर उपग्रहाच्या रडारची नजर : कोकणात काय दिसेल आणि काय निसटेल?

वाशिष्ठीकाठ :

पावसाळा आला की कोकणात दरडींच्या बातम्यांच्या जोडीने संरक्षक भिंती खचल्याच्या बातम्याही येऊ लागतात. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर उभे कापले गेले, त्या कापांच्या पायथ्याशी आणि भरावांच्या कडेने लांबच लांब भिंती उभ्या राहिल्या, आणि परशुराम घाटातून जाताना माणूस आता रस्त्याइतकाच वरच्या कापाकडेही पाहत असतो. कोकण रेल्वेची गोष्ट वेगळी नाही. १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर माती आली आणि वाहतूक बंद पडली, हे अनेकांना आठवत असेल. अशा भिंतींवर उपग्रहातून लक्ष ठेवता येते का, असा प्रश्न आमच्या वाडीच्या बैठकीत निघाला. नोकरीमुळे रडार प्रतिमांशी माझा रोजचा संबंध असल्याने उत्तर सविस्तर लिहावे असे ठरवले.

आधी कार्यपद्धती थोडक्यात सांगतो. युरोपचा सेंटिनेल-१ हा उपग्रह सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या रडार लहरी तिरक्या सोडतो आणि जमिनीवरून परत आलेली लहर तिच्या कलेसह (फेज), म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे यासह, नोंदवतो. तो बारा दिवसांनी पुन्हा त्याच कक्षेतून जातो. मधल्या काळात भिंत उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर काही मिलिमीटर सरकली असेल, तर लहरीचा जाण्यायेण्याचा प्रवास त्याच्या दुप्पट बदलतो आणि तो बदल कलेत उमटतो. पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास हालचाल झाली की कलेचा एक पूर्ण फेरा होतो, त्यामुळे त्याच्या लहान अंशाइतकी हालचालही मोजता येते. दोनच प्रतिमांच्या तुलनेत गोंधळ फार असतो, म्हणून किमान वीस-पंचवीस प्रतिमांची मालिका घेऊन त्यात सतत ठळक राहणारे बिंदू निवडतात. त्यांना स्थिर परावर्तक म्हणतात. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी २००० च्या सुमारास ही पद्धत मांडली. काँक्रीटची भिंत, पत्र्याचे छप्पर, विजेचा खांब, उघडा कातळ हे सारे असे बिंदू होऊ शकतात. चांगली मालिका मिळाली तर वर्षाला एक-दोन मिलिमीटर इतकी मंद सरकणही ओळखता येते.

आपल्या किनाऱ्याची ठेवण या कामाला बरीचशी अनुकूल आहे. उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण जातो आणि कडेला, म्हणजे पूर्वेला किंवा पश्चिमेला पाहतो. सह्याद्रीची रांग, महामार्ग आणि रेल्वेमार्गही ढोबळमानाने उत्तर-दक्षिणच आहेत. साहजिकच त्यांच्या कडेच्या भिंती बहुतेक ठिकाणी पूर्व-पश्चिम दिशेने ढळतात आणि रडारला नेमकी तीच दिशा चांगली मोजता येते. खाडीकाठची गोष्ट मात्र उलटी आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, त्यामुळे त्यांच्या काठाची भिंत पाण्याकडे झुकली तर ती उत्तरेला किंवा दक्षिणेला झुकते, आणि त्या हालचालीबाबत हे रडार जवळजवळ आंधळे असते. एकाच तालुक्यातल्या दोन भिंतींपैकी घाटातली दिसावी आणि बंदरावरची दिसू नये, याचे कारण भिंतीच्या तोंडाच्या दिशेत आहे. उपग्रहाची अचूकता दोन्हीकडे सारखीच असते.

जाणकारांनी भर घालावी.

ओळंबा :

धागा उत्तम आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून अशा भिंती बांधून घेण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, तेव्हा भिंतीच्या बाजूने काही सांगतो.

भिंत हलली म्हणजे ती पडणार, असा समज लोकांत आहे आणि तो आधी दूर व्हायला हवा. मागच्या भरावाचा दाब त्याच्या किमान पातळीवर येण्यासाठी भिंतीने थोडे पुढे होणे गरजेचेच असते. घट्ट दाबलेला दाणेदार भराव असेल, तर माथा भिंतीच्या उंचीच्या हजारात एक ते दोन भाग इतका पुढे येतो. सहा मीटर उंचीच्या भिंतीत हे सहा ते बारा मिलिमीटर होतात. ही हालचाल बांधकामाच्या काळात आणि पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत होऊन थांबली पाहिजे. थांबल्यानंतर ती पुन्हा सुरू होणे, किंवा दर पावसाळ्यात थोडी होऊन उन्हाळ्यात परत न येणे, हे काळजीचे लक्षण आहे. आकडा किती, यापेक्षा आलेख सपाट होतो की नाही, हे मी आधी विचारेन.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोरड्या भरावाचा आडवा दाब प्रत्येक मीटर खोलीमागे साधारण सहा किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरल्यावर मातीचा आणि पाण्याचा मिळून दाब तेराच्या आसपास जातो, म्हणजे दुपटीहून अधिक. पाणी निघून जाईल असे गृहीत धरून बांधलेल्या भिंतीवर पाणी निघाले नाही तर काय ओढवते, ते यावरून कळावे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्यातच जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी मऊ, चिकण, पांढरट-जांभळी माती असते. जांभ्यातून पाणी झटकन खाली उतरते आणि त्या चिकण थरावर अडते. काप नेमका त्या थरातून गेला असेल, तर भिंतीमागे पाण्याची टाकीच तयार होते.

म्हणून वाशिष्ठीकाठ यांना माझा प्रश्न असा आहे : पाणी साचून भिंत काही तासांत कोसळते, तेव्हा बारा दिवसांनी येणारा उपग्रह काय कामाचा?

वाशिष्ठीकाठ :

ओळंबा साहेब, त्या काही तासांसाठी तो कामाचा नाही, हे स्पष्टच लिहितो. पावसाच्या त्या रात्री भिंतीखालची माणसे हलवायची असतील, तर पर्जन्यमापक, भिंतीमागच्या पाण्याची पातळी मोजणारे पायझोमीटर, कल मोजणारी उपकरणे आणि जागेवरचा माणूस हीच साधने उपयोगी पडतात. अगदी धोक्याच्या ठिकाणी जमिनीवर बसवायचे रडारही मिळते. खाणींच्या उतारांवर ते वापरतात आणि काही मिनिटांच्या अंतराने ते मोजणी करते.

उपग्रहाचा उपयोग आहे तो निवडीसाठी. शेकडो किलोमीटरच्या मार्गावरील प्रत्येक भिंतीवर उपकरणे लावणे कोणालाच परवडणार नाही. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मागच्या काही वर्षांची मालिका तपासली आणि आपण म्हणता तसा ज्यांचा आलेख सपाट होत नाही अशा भिंती वेगळ्या काढल्या, तर मे महिन्यापर्यंत तिथे माणूस पाठवता येतो. सेंटिनेल-१ च्या प्रतिमा २०१४ पासूनच्या असून त्या विनामूल्य मिळतात. त्यामुळे भिंत बांधली गेली तेव्हापासूनचा तिचा इतिहास, कोणी उपकरण लावलेले नसतानाही, मागे जाऊन वाचता येतो. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत ही सोय नाही.

आता एक महत्त्वाचा सापळा सांगतो, कारण रंगीत नकाशे पाहणारे लोक हमखास त्यात अडकतात. रडार फक्त आपल्या नजरेच्या रेषेतली हालचाल मोजते. नजरेचा कोन उभ्या रेषेशी सुमारे ३९ अंश धरा. पश्चिमेला तोंड असलेली भिंत १० मिलिमीटर पश्चिमेकडे झुकली आणि त्याच वेळी ८ मिलिमीटर खाली बसली, असे समजू. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना उपग्रह पश्चिमेला असतो. भिंत त्याच्याकडे झुकल्याने अंतर सुमारे ६ मिलिमीटरने कमी होते आणि खाली बसल्याने जवळपास तेवढेच वाढते, म्हणजे नकाशावर शून्य. भिंत हिरव्या रंगात ‘स्थिर’ दिसते, आणि प्रत्यक्षात ती पुढे ढळत आणि खचत असते! उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीत उपग्रह पूर्वेला असतो. तिथे दोन्ही हालचाली त्याच्यापासून दूर जाणाऱ्या असल्याने सुमारे १२ मिलिमीटरची हालचाल ठळक दिसते. भिंतीचे बिघडणे बहुधा असेच, झुकणे आणि बसणे मिळून होते. म्हणून एकाच फेरीवर आधारलेला ‘सर्व ठीक’ असा अहवाल संरक्षक भिंतीसाठी मी स्वीकारणार नाही. आपल्या भागासाठी दोन्ही फेऱ्यांच्या प्रतिमा किती नियमित मिळतात, हे काम हाती घेण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

सड्यावरचे घर :

आमचे घर राजापूर तालुक्यात आहे. मागीलदारी डोंगर कापून जागा केलेली आहे आणि त्यापुढे चिऱ्याची, सिमेंटमध्ये बांधलेली भिंत आहे; उंची पुरुषभर आणि लांबी घराएवढी. गेल्या पावसाळ्यापासून तिला मधोमध थोडे पोट सुटल्यासारखे वाटते. खालच्या रांगेतल्या दोन नळ्यांतून पूर्वी स्वच्छ पाणी यायचे, आता गढूळ येते, आणि वरच्या रांगेतल्या नळ्या कोरड्या असतात. माथ्यामागे गटार आहे, तिथे भिंत आणि गटार यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली आहे. बांधणाऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे असे की काही होत नाही. उपग्रहातून या भिंतीची तपासणी करून घेता येईल का?

वाशिष्ठीकाठ :

ताई, स्पष्ट सांगतो, या भिंतीसाठी उपग्रहाच्या मागे लागू नका. सेंटिनेल-१ च्या प्रतिमेतला एक कण, म्हणजे तिला वेगळा दिसणारा सर्वांत लहान तुकडा, जमिनीवर साधारण ५ मीटर गुणिले २० मीटर इतका असतो. तुमची भिंत, घराचे छप्पर, मागचा काप आणि कदाचित शेजारची पत्र्याची शेड हे सगळे एक-दोन कणांत मिसळून जाईल, आणि मिळालेला बिंदू भिंतीचा की शेडचा, हे खात्रीने सांगता येणार नाही.

लहान भिंतीसाठी एक उपाय असतो तो कृत्रिम परावर्तकाचा. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे एकमेकांशी काटकोनात जोडून, साधारण मीटरभर बाजूचा कोपरा तयार करतात आणि तो उपग्रहाकडे तोंड करून भिंतीच्या माथ्यावर पक्का बसवतात. तो प्रतिमेत ठळक ठिपक्यासारखा दिसतो. त्यात पावसाचे पाणी आणि पालापाचोळा साचू नये म्हणून तळाशी भोक ठेवावे लागते, आणि तुलनेसाठी असाच दुसरा कोपरा जवळच्या न हलणाऱ्या कातळावर बसवावा लागतो. महामार्गाच्या किंवा धरणाच्या कामासाठी हे योग्य आहे. तुमच्याकडे लक्षणे आधीच डोळ्यांना दिसत आहेत. मिलिमीटर मोजण्याची वेळ तिथे निघून गेली आहे.

ओळंबा :

ताईंनी लिहिलेल्या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर मला काळजी वाटते. गढूळ पाणी येते याचा अर्थ मागची माती वाहून जात आहे, म्हणजे नळीच्या तोंडाशी खडीचा गाळणथर नाही किंवा तो निकामी झाला आहे. वरच्या नळ्या कोरड्या आहेत, म्हणजे एकतर पाणी तितके वर येत नाही किंवा त्या मातीने बुजल्या आहेत. दुसरी शक्यता अधिक वाईट आहे आणि पोट सुटण्याशी तीच जुळते. माथ्यामागच्या फटीतून पावसाचे पाणी थेट भिंतीच्या पाठीमागे उतरते, तेव्हा ती फट आधी बंद करून गटाराचे पाणी दूर काढले पाहिजे.

मोजणी हवीच असेल तर ती घरच्या घरी होते. भिंतीच्या माथ्याला तीन ठिकाणी, दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, खिळा ठोकून ओळंबा सोडा आणि माथ्यापासून खाली ठरावीक खुणांवर दोरी व भिंत यांतले अंतर पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहा. वारा नसताना, शक्यतो सकाळी मोजा. तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवा आणि तिच्यावर तारीख घाला. तडा रुंदावला तर काच फुटते. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर लगेच नोंद करा. फरक वाढता दिसला तर भिंतीलगतच्या खोलीत झोपू नका आणि बांधणारा सोडून दुसऱ्या अभियंत्याला बोलवा. नळ्या मात्र तो येण्याची वाट न पाहता मे महिन्यातच सळईने मोकळ्या करून घ्या; ते करताना भिंतीसमोर उभे न राहता बाजूने काम करा.

पश्चिमवारा :

परदेशात या तंत्राने कोसळण्याची आगाऊ सूचना मिळाल्याचे वाचले आहे. इटलीतील जिनोव्हा शहरातला मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला. त्याच्या हालचाली उपग्रहाच्या नोंदींत आधीच होत्या, असा तो शोधनिबंध होता. मग आपल्याकडे सरकारने ही व्यवस्था सक्तीची का करू नये?

वाशिष्ठीकाठ :

तो निबंध २०१९ चा आहे. त्यानंतर २०२० मध्ये दुसऱ्या इटालियन गटाने त्याच पुलाच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि कोसळण्याची सूचना म्हणावी अशी हालचाल आपल्याला आढळत नाही, असे म्हटले. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी खाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे गेली, त्याबाबतही दोन्ही बाजूंचे अभ्यास आहेत. दुर्घटना झाल्यावर मागे वळून आलेखात चढ शोधणे सोपे असते. तो चढ आधीच धोक्याचा म्हणून ओळखणे फार अवघड असते.

कोकणात यात आणखी अडचणी येतात. रडार ढगांतून पार जाते हे खरे, पण हवेतल्या बाष्पाने लहर मंदावते. आर्द्रतेत २० टक्क्यांचा फरक पडला तर १० सेंटिमीटरपर्यंतची खोटी हालचाल दिसू शकते. म्हणून संदर्भबिंदू, म्हणजे ज्याच्या तुलनेत हालचाल मोजायची तो न हलणारा बिंदू, भिंतीपासून काही शे मीटरच्या आत, पक्क्या कातळावर आणि जवळपास त्याच उंचीवर असावा. घाटातल्या भिंतीची तुलना समुद्रकाठच्या बंदराशी केली, तर बाष्पाच्या थरांचा फरकच हालचाल म्हणून मोजला जाईल. दुसरी अडचण हिरवळीची. जूनमध्ये गवत आणि वेली भिंतीवर चढल्या की साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांतच विखुरते आणि बिंदू हरवतो. नेमक्या पावसाळ्यात नोंदी विरळ होतात त्या यामुळे.

तिसरी अडचण वेगाची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. दोन प्रतिमांमधल्या बारा दिवसांत शेजारच्या बिंदूंच्या तुलनेत सुमारे १४ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल झाली, तर कलेचे फेरे मोजताना गफलत होते आणि मोठी हालचाल लहान किंवा उलट्या दिशेची भासू शकते. म्हणजे भिंत सर्वांत वेगाने सरकत असेल, तेव्हाच आकड्यांवर सर्वांत कमी भरवसा ठेवता येतो. बिंदू अचानक गायब झाला तरी त्याची नोंद घ्यावी आणि जागेवर जाऊन पाहावे.

सक्तीबद्दल माझे मत असे आहे की महामार्ग आणि रेल्वे यांच्या लांब भिंतींसाठी दर वर्षीचे रडार विश्लेषण देखभालीच्या करारातच असावे, मात्र त्यासोबत जागेवरच्या तपासणीचा अहवाल जोडलेला असावा. रेल्वेच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागेल. विद्युतीकरणानंतर रुळांलगत सगळीकडे लोखंडी खांब आले आहेत आणि तेही उत्तम परावर्तक आहेत. खांबाची स्थिरता भिंतीच्या नावावर लिहिली जाऊ नये, म्हणून प्रत्येक बिंदूची उंची आणि जागा भिंतीच्या आराखड्यावर ठेवून पाहिली पाहिजे.

सड्यावरचे घर :

नळ्या मोकळ्या करून घेण्यासाठी माणूस ठरवला आहे आणि ओळंब्याच्या खुणाही भिंतीवर केल्या आहेत. आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. एक शंका आहे. ३० जुलै २०२५ रोजी नासा आणि इस्रो यांचा निसार हा रडार उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. आपल्याकडच्या झाडीसाठी तो अधिक चांगला, असे ऐकले. त्याने फरक पडेल का?

वाशिष्ठीकाठ :

पडेल, पण लहान भिंतींपेक्षा डोंगरउतारांसाठी अधिक. निसारच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची आहे. ती पानांतून आणि बारीक फांद्यांतून बरीचशी आरपार जाते, त्यामुळे हिरव्या उतारावरची मंद सरकणही हाती लागण्याची शक्यता वाढते. लांब लहरीमुळे फेरे मोजण्यातली गफलतही कमी होते, कारण मर्यादा १४ मिलिमीटरवरून सहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. दुसरे रडार इस्रोचे आहे आणि त्याची लहर याहून आखूड आहे. फेरी बारा दिवसांचीच आहे, तेव्हा त्या काही तासांचा प्रश्न तसाच राहतो.

कोकणात हे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा भिंत ही उताराच्या हालचालीचे केवळ शेवटचे टोक असते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे आख्खा उतार खाली आला. तशा ठिकाणी पायथ्याशी कितीही भक्कम भिंत असती तरी तिचा टिकाव लागला नसता. वरचा उतारच सरकत असेल तर भिंत पुन्हा पुन्हा बांधण्यात पैसा जातो, आणि ती का टिकत नाही हे खालून पाहून कळत नाही. तिथे दोन-तीनशे मीटर वरपर्यंतचे बिंदू एकाच दिशेने सरकताना दिसले, तर दुरुस्तीची दिशाच बदलते. मग भिंतीची जाडी वाढवण्याऐवजी वरचे वहाळ वळवणे आणि उताराच्या पोटातले पाणी आडव्या नळ्यांनी बाहेर काढणे, हे काम आधी हाती घ्यावे लागते.

ओळंबा :

शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात एक भर : असे विश्लेषण कोणी केले तर रंगीत नकाशा व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी त्यातले बिंदू घेऊन जागेवर जावे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या बाबतीत बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि नंतर संकेतस्थळावरून काढला गेला. आकडा बाहेर आला आणि त्याचा अर्थ सांगणारे कोणी पुढे नव्हते, की लोकांच्या हाती केवळ भीती उरते. ग्रामपंचायतीकडे द्यायचा कागद असा असावा : भिंतीचे ठिकाण, तोंडाची दिशा, दोन्ही फेऱ्यांतली सरकण, संदर्भबिंदू कुठला, आणि शेजारी जागेवर पाहिलेल्या तडे, नळ्या व गटार यांच्या नोंदी. वाशिष्ठीकाठ, तुमच्या वाडीवरच्या वळणावरील भिंत पश्चिमेला तोंड करून आहे आणि बरीच लांब आहे, असे तुम्ही मागे म्हणाला होता. तिच्यापासून सुरुवात करावी, मी ओळंबा आणि पट्टी घेऊन येतो.

वाशिष्ठीकाठ :

जरूर या. दोन्ही फेऱ्यांच्या प्रतिमा उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. निकाल आणि तुमच्या मोजण्या शेजारी शेजारी ठेवून याच धाग्यावर देईन. दोन्ही जुळल्या नाहीत तर तेही जसेच्या तसे लिहीन.